ऊन, मोबाइल आणि त्वचा: डाग कशाने पडला ते आधी ओळखा

चेहऱ्यावर काळसर डाग दिसू लागले की हल्ली पहिला संशय मोबाइलवर जातो. मग फोनच्या पाठीवर ‘रेडिएशन रोखणारं’ स्टिकर चिकटवलं जातं, स्क्रीनला निळा प्रकाश अडवणारी काच बसते, आणि तीच व्यक्ती दुपारी साडेबाराला उघड्या हातांनी, उघड्या मानेने दुचाकीवर बँकेत जाऊन येते. काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च होते. म्हणून आधी कारण ओळखायचं आणि मग उपाय करायचा, या क्रमाने पुढे जाऊ.

दोन्ही ‘किरणं’च, पण एक जात नव्हे

गोंधळाचं एक कारण भाषेत आहे. अणुभट्टीतून निघतो तोही ‘किरणोत्सर्ग’ आणि मोबाइलमधून निघतो तोही ‘किरणोत्सर्ग’, असं आपण छापतो आणि बोलतो. मोबाइलमधून निघतात त्या रेडिओलहरी. उन्हात तीन गोष्टी एकत्र येतात: डोळ्यांना दिसणारा प्रकाश, उष्णता देणारे अवरक्त किरण आणि अतिनील किरण. त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला थेट इजा करण्याइतकी ऊर्जा यांतल्या फक्त अतिनील किरणांच्या कणांत, म्हणजे ऊर्जेच्या सुट्ट्या पुड्यांत, असते. दोन गिगाहर्ट्झच्या मोबाइल लहरीचा एक कण आणि उन्हातल्या ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणाचा एक कण यांच्या ऊर्जेत सुमारे पाच लाख पटींचा फरक आहे. मोबाइलचे असे कितीही कण आदळले तरी डीएनएचा बंध तुटत नाही, फक्त ऊतक किंचित गरम होतं.

उष्णतेचाही हिशेब करून पाहा. भर दुपारी उन्हाकडे धरलेल्या तळहातावर, बोटं धरून, साधारण १५ वॅट ऊर्जा पडते. ४जी फोन पूर्ण जोर लावतो तेव्हा तो सुमारे ०.२ वॅट प्रक्षेपित करतो, तीही सगळ्या दिशांना. बोलताना कान गरम होतो तो मुख्यतः फोनची बॅटरी आणि प्रोसेसर तापल्यामुळे, आणि कानाला चिकटलेल्या फोनमुळे तिथली उष्णता बाहेर जात नाही म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२बी’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पुरावा मर्यादित आहे’. ती चर्चा प्रामुख्याने मेंदूतल्या आणि कानाच्या नसेवरच्या गाठींबद्दल होती, त्वचेबद्दल नव्हे. त्याच संस्थेने सूर्यकिरणांना १९९२ सालीच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाचं सिद्ध कारण म्हणून, ठेवलं आहे.

पायरी पहिली: आरशासमोर उभं राहा आणि डाग नेमका कुठे आहे ते बघा

त्वचारोगतज्ज्ञ अर्धं निदान जागेवरून करतात. खिडकीतल्या उजेडात, चेहरा धुऊन, हे तपासा.

*दोन्ही बाजूंना सारखं, उघड्या भागावरच.* कपाळ, गालांचे उंचवटे, नाक, मानेची मागची बाजू, गळ्याखालचा ‘व्ही’ आकार, मनगटापासून कोपरापर्यंत हाताची बाहेरची बाजू. बाहीच्या, घड्याळाच्या किंवा चपलेच्या पट्ट्याच्या ठिकाणी रेघ मारल्यासारखी हद्द दिसते. हे ऊन आहे.

*एकाच गालावर किंवा एकाच कानावर, फोन टेकतो तिथे.* खाज, लाली, बारीक पुरळ किंवा पिकलेले मुरुम, आणि तुम्ही ज्या हाताने फोन धरता तीच बाजू. इथे फोनवर संशय घ्यायला जागा आहे. पण तो रेडिओलहरींवर घेऊ नका. फोनचा धातू, त्यावरचा मळ, घर्षण किंवा उष्णता यांपैकी काहीतरी कारण निघेल.

*एकाच गालावर, पण फोनचा हात दुसरा.* गाडी चालवता का? आपल्याकडे चालकाची खिडकी उजवीकडे असते. बाजूच्या साध्या काचेतून ‘बी’ जातीचे, म्हणजे मुख्यतः भाजणारे, अतिनील किरण जवळपास अडतात, ‘ए’ जातीचे, म्हणजे मुख्यतः रापवणारे, मात्र बऱ्यापैकी आत येतात. समोरची काच दोन थरांची असते, ती बरंच जास्त अडवते. म्हणून वर्षानुवर्षं टॅक्सी, टेम्पो चालवणाऱ्यांचा उजवा गाल आणि उजवा हात जास्त रापलेला आणि सुरकुतलेला दिसतो.

*गालांवर, वरच्या ओठावर, कपाळावर तपकिरी नकाशासारखे डाग, खाज नाही.* हा बहुतेक वेळा वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि आनुवंशिकता यांनी जमीन तयार होते, ऊन तो गडद करतं.

*उघड्या भागावर आहे, पण पापण्यांवर, कानामागे आणि हनुवटीखालीही आहे.* इथे थांबा. हनुवटीखाली आणि कानामागे ऊन फारसं पोचत नाही, त्यामुळे निव्वळ उन्हाचं पुरळ या जागा सहसा सोडतं. हवेतून येणारी गोष्ट मात्र त्या सोडत नाही. आपल्याकडे असा सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे गाजरगवत, काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. शेतकऱ्यांमध्ये ‘उन्हाची अॅलर्जी’ म्हणून वर्षानुवर्षं औषध चालतं आणि मूळ कारण बांधावर डोलत असतं. पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पट्टीने त्वचेवर लावून बघायची चाचणी) केल्याशिवाय हे नक्की सांगता येत नाही. काहींच्या बाबतीत गवत आणि ऊन दोन्ही एकदम त्रास देतात.

*पाठ, काखा, मांड्यांच्या घड्या, घाम साचतो तिथे टाचणीच्या टोकाएवढे दाणे.* हे घामोळं. सनस्क्रीनने जाणार नाही, उलट तेलकट क्रीमने वाढेल.

*मांडीवर किंवा पोटावर जाळीसारखे तपकिरी-लालसर पट्टे.* रोज तासन् तास तापलेला लॅपटॉप किंवा शेकायची पिशवी ठेवल्याने अशी खूण उमटते. काश्मीरमध्ये काँगडी (निखाऱ्यांची हातशेगडी) अंगाशी धरणाऱ्यांच्या त्वचेवर ती पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहे. उष्णता थांबवली की बहुतेकांची हळूहळू फिकट होते. वर्षानुवर्षं तशीच चालू ठेवली तर तिथे कर्करोगाचा धोका असतो.

पायरी दुसरी: ऊन घड्याळाने नव्हे, सावलीने मोजा

‘दहा ते चार उन्हात जाऊ नका’ हा सल्ला पाळणं बहुतेकांना शक्य नसतं, आणि तो नेमकाही नाही. सूर्य डोक्यावर येण्याची वेळ गावागणिक बदलते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बांधलेली आहे, महाराष्ट्र त्याच्या बराच पश्चिमेला आहे. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी, पुण्यात आणि पणजीत १२.३५ च्या आसपास, नागपुरात १२.१४ ला. वर्षभरात यात पाव तास इकडेतिकडे होतं. दिवसभरातल्या अतिनील किरणांचा मोठा हिस्सा या वेळेच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तासांत पडतो. मुंबई-पुण्याकडे दुपारी तीनपेक्षा सकाळी साडेनऊचं ऊन त्वचेला सौम्य असतं. कामाची निवड करता येत असेल तर सकाळ निवडा.

घड्याळापेक्षाही सोपी खूण सावलीची. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लांब असेल तर अतिनील किरण कमी. सावली उंचीपेक्षा लहान झाली की संरक्षण हवं. सावली पायाखाली आली की झाडाखाली, छपराखाली जा. मुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा हे ऊन जवळजवळ टोकाला असतं. पण डिसेंबरच्या गारव्यातही मुंबई-पुण्यात भर दुपारची सावली उंचीपेक्षा थोडी लहानच असते. थंडी वाजते म्हणून अतिनील किरण नाहीत असं होत नाही. उष्मा आणि अतिनील या वेगळ्या गोष्टी आहेत.

फोनमधल्या हवामानाच्या अॅपमध्ये ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा आकडा असतो. ३ पासून काळजी सुरू करायची, ८ च्या वर जास्त, ११ आणि पुढे अति. उन्हाळ्यात आपल्याकडे भर दुपारी तो ११ ओलांडतो. मोबाइलचा त्वचेला याहून मोठा उपयोग नाही, तेव्हा तो आकडा रोज सकाळी बघायची सवय लावा.

आकडा कुठे वाढतो तेही ध्यानात ठेवा. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून महाबळेश्वरला गार वाऱ्यात भाजतं आणि कळत नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो. कोकणात किंवा गोव्यात छत्रीखाली बसूनही चेहरा रापतो तो यामुळे. पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात.

कोवळ्या उन्हाबद्दल

‘कोवळ्या उन्हात बसलं की ड जीवनसत्त्व मिळतं’ ही समजूत घराघरांत आहे. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात ते ‘बी’ जातीचे अतिनील किरण, आणि सूर्य क्षितिजाजवळ असताना ते वातावरणाच्या जाड थरात जवळपास सगळे गळून जातात. सकाळी सातच्या उन्हात ऊब मिळते, उजेड मिळतो, झोपेचं चक्र सुधारतं, पण ड जीवनसत्त्व नगण्य. त्यासाठी सावली उंचीपेक्षा लहान झाल्यावरचं थोडं ऊन लागतं, आणि काचेआड बसून चालत नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण त्वचेतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, तेच किरण अडवतं. मधला मार्ग असा: चेहरा आणि मान झाका, हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात चाला, आणि त्वचा लाल किंवा गरम वाटायच्या आधी सावलीत या. ज्यांना वांग आहे किंवा उन्हाचं पुरळ उठतं त्यांनी हा खटाटोप न करता रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्यात वावगं काही नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

पायरी तिसरी: आधी कापड, मग क्रीम

कापड विरघळत नाही, घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी परत लावावं लागत नाही. म्हणून पहिला भर त्यावर.

कापड बल्बसमोर किंवा उन्हात धरा. विणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर अतिनील किरणही तिथून येतात. जॉर्जेट किंवा शिफॉनची झिरझिरीत ओढणी तोंडाला बांधून दुचाकी चालवणं म्हणजे धुळीपासून बचाव, उन्हापासून नव्हे. तीच ओढणी दुहेरी घ्या, किंवा घट्ट विणीची सुती वापरा. गडद रंग फिक्यापेक्षा जास्त अडवतो. पातळ पांढरा सुती टी-शर्ट घामाने ओला झाला की त्याची अडवण्याची क्षमता आणखी घटते. जीन्सचं कापड उत्तम अडवतं, पण मे महिन्यात विदर्भात ते घालून उष्माघात ओढवून घेऊ नका. तिथे सैल, घट्ट विणीचा, पूर्ण बाहीचा सुती सदरा बरा.

गांधी टोपी आणि क्रिकेटची टोपी, दोन्हींनी कान आणि मान उघडी राहते. चारी बाजूंनी किमान तीन इंच काठ असलेली टोपी घ्या. शेतात टोपी जड वाटते त्यांनी उपरणं किंवा पंचा डोक्यावरून कानांवर आणि मानेवर सोडावा. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर हेच काम करतो. दुचाकीस्वारांनी कोपराच्या वर जाणारे हातमोजे किंवा बाह्या वापराव्यात आणि पावलं विसरू नयेत.

पायरी चौथी: सनस्क्रीन, आणि ते ‘चालत नाही’ ते का

डब्यावर दोन गोष्टी बघा. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त हा ‘बी’ किरणांसाठी, आणि ‘पीए’पुढे किमान तीन अधिकची चिन्हं ही ‘ए’ किरणांसाठी. फक्त एसपीएफ मोठा आणि पीए नाही, असं उत्पादन आपल्या त्वचेला कमी उपयोगाचं, कारण सावळी त्वचा भाजण्याआधी रापते आणि रापण्यात ‘ए’ किरणांचा मोठा वाटा असतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के ‘बी’ किरण अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. तेव्हा ५० मिळालं नाही म्हणून अडून बसू नका.

हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात. आपण लावतो त्याच्या पाव ते निम्मं. निम्मा थर लावला तर संरक्षण निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. फसतं ते इथेच.

माप असं: तर्जनी आणि मध्यमा, दोन्ही बोटांवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं, साधारण सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपली पाहिजे. तुमची ट्यूब चार महिने पुरत असेल तर सनस्क्रीन वाईट नाही, माप वाईट आहे. खर्च परवडत नसेल तर पातळ थर सगळीकडे फासण्याऐवजी हात आणि मान कापडाने झाका आणि पूर्ण मापाचं क्रीम फक्त चेहऱ्याला लावा.

लावायचा क्रम: चेहरा धुवा, पुसा, मॉइश्चरायझर लागत असेल तर ते लावून पाच मिनिटं थांबा, मग अर्धं सनस्क्रीन लावा, ते जिरलं की उरलेलं अर्धं. एकदम सगळं लावलं तर चोळून पुसलं जातं. कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग आणि ओठ हमखास राहून जातात. बाहेर पडण्याच्या १५ ते २० मिनिटं आधी लावा. उन्हात असाल तर दोन तासांनी परत, घाम पुसला किंवा पोहून आलात तर लगेच परत. घरात खिडकीपासून दूर बसून काम असेल तर सकाळचा एक थर पुरे.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडची सनस्क्रीनं आपल्या वर्णावर पांढरट राखेसारखी दिसतात, म्हणून लोक कमी लावतात. त्यावर रंगीत सनस्क्रीन हा चांगला उपाय आहे. वांग असलेल्यांना तर तेच घ्यायला सांगावं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि सावळ्या त्वचेतला वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो. तेलकट, मुरुमांच्या त्वचेला जेल घ्या. ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उष्णतेने घटक फुटतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको, सावली आणि कापड हवं. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवतं, ऊन अडवत नाही म्हणण्याइतकं कमी अडवतं.

हे लावून उन्हात जाऊ नका

लिंबू. ‘डाग घालवायला लिंबू चोळा’ हा घरगुती उपाय डाग पाडतो. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, अशी द्रव्यं असतात जी ‘ए’ किरणांनी जागी होऊन त्वचा जाळतात. जळजळ एक-दोन दिवसांनी होते, कधी फोड येतात, आणि मग ओघळाच्या आकाराचे तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात. सरबत करून हात न धुता उन्हात गेलं तरी होतं. अंजिराचा चीक हेच करतो. कोडावर वापरतात ती बावची याच जातीची द्रव्यं असलेली वनस्पती आहे, तेव्हा ती वैद्यांच्या देखरेखीशिवाय लावू नका.

काही औषधांनीही त्वचा उन्हाला हळवी होते. डॉक्सिसायक्लिन हे त्यातलं नेहमीचं नाव: मुरुमांसाठी देतात, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठीही देतात. रक्तदाबाच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि दुखण्यावर चोळायचं केटोप्रोफेन जेल हेही त्याच यादीत. औषध मनाने बंद करू नका, ऊन टाळा आणि डॉक्टरांना सांगा.

शेजारणीने सुचवलेलं, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं, आठवड्यात ‘गोरं’ करणारं क्रीम मात्र आजच बंद करण्याचा विचार करा. यातल्या अनेकांत तीव्र स्टिरॉइड असतं. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, लाल रेषा दिसतात, गालांवर केस येतात आणि पाच मिनिटांचं ऊनही सहन होत नाही. बरेच महिने वापरलं असेल तर एकदम सोडल्यावर चेहरा भडकतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली सोडा.

पायरी पाचवी: फोनमुळे त्वचेला खरंच होतं ते

*स्क्रीनचा प्रकाश.* फोनच्या स्क्रीनमधून त्वचेला मोजावे इतके अतिनील किरण येत नाहीत. राहिला दिसणारा प्रकाश. पूर्ण उजळ फोन चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर चेहऱ्यावर साधारण ४० ते ५० लक्स प्रकाश पडतो, भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स. म्हणजे आठ तासांच्या स्क्रीनचा प्रकाश दुपारच्या उन्हातल्या पंधरा सेकंदांइतका. स्क्रीनमध्ये निळ्याचा वाटा जास्त धरून हा आकडा दुप्पट केला तरी अर्धं मिनिट. ‘निळ्या प्रकाशापासून रक्षण’ असं लिहिलेल्या महागड्या क्रीमवर पैसे घालवण्याआधी हा हिशेब आठवा. रात्री उशिरा फोन बघितल्याने झोप मोडते हे खरं, पण तो वेगळा प्रश्न आहे.

*उष्णता.* ४४ अंश सेल्सियसचा पृष्ठभाग हाताला फक्त कोमट-गरम वाटतो, पण तो त्वचेला सहा तास चिकटून राहिला तर भाजतं. उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला लावलेल्या फोनची उष्णता बाहेर जात नाही, आणि झोपेत आपण हात हलवत नाही. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांना तर जागेपणीही कळत नाही. फोन आणि चार्जर दोन्ही गादीबाहेर, कडक पृष्ठभागावर ठेवा. चार्जिंग चालू असताना व्हिडिओ कॉल किंवा हॉटस्पॉट चालवायचा असेल तर फोन अंगाला न लावता, कव्हर काढून ठेवा. बॅटरी फुगून पाठ वर आली असेल तर फोन वापरू नका.

*निकेल.* खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात किंवा जीन्सच्या बटणामुळे बेंबीखाली खाज सुटते, त्यांना फोनवरचा निकेल हा धातूही त्रास देऊ शकतो. आता फोनपेक्षा कव्हरची धातूची रिंग, चुंबकाची पट्टी आणि सजावटीचे खडे जास्त संशयास्पद. तपासायला डायमिथाइलग्लायॉक्झाइमचा संच मिळतो: दोन द्रव कापसाच्या बोळ्यावर टाकून धातूवर अर्धा मिनिट घासा, बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. संच नसेल तर दोन-तीन आठवडे साधं सिलिकॉनचं कव्हर घालून, इअरफोनने बोला. पुरळ बसलं आणि फोन कानाला लावल्यावर परत उठलं तर उत्तर मिळालं. पक्कं करायला पॅच टेस्ट.

चमचमणारा द्रव भरलेली कव्हरं टाळा. ती फुटून द्रव त्वचेला लागल्याने रासायनिक जखमा झाल्या होत्या, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत अशी कव्हरं बाजारातून परत घ्यावी लागली.

*मळ आणि घर्षण.* गालाचं तेल, मेकअप, घाम स्क्रीनवर बसतो आणि पुढच्या फोनला गालावर परत चोळला जातो. एका बाजूचे मुरुम असतील तर हे आधी करा. फोन बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने रोज एकदा पुसा. थेट फवारू नका, भोकांत द्रव जाऊ देऊ नका. कव्हर आठवड्यातून एकदा काढून साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. हेल्मेटचं आतलं अस्तरही धुवा, कित्येकदा दोष फोनचा नसून त्याचा निघतो.

पायरी सहावी: रेडिओलहरी कमी करायच्याच असतील तर

त्वचेसाठी याची निकड नाही, पण इच्छा असेल तर फुकटात होतं. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश असं डायल केलं की फोनचा ‘सार’ आकडा, म्हणजे शरीर फोनच्या लहरींतली किती ऊर्जा शोषतं त्याचं माप, दिसतो. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा एक ग्रॅम ऊतकावर दर किलोला १.६ वॅट अशी आहे. हा आकडा फोन पूर्ण जोर लावतो तेव्हाचा असतो, रोजच्या वापरातला नव्हे. म्हणून ०.९ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा तुमच्या हातात कमीच लहरी देईल असं नाही.

खरा फरक अंतराने आणि सिग्नलने पडतो. स्पीकर किंवा इअरफोन वापरून फोन हातभर लांब ठेवा. एकच दांडी दिसत असताना, लिफ्टमध्ये किंवा घाटातल्या बोगद्यात फोन जोर वाढवतो. लांबलचक बोलणं तेव्हा टाळा. रेडिएशन रोखणारी स्टिकरं घेऊ नका. ती अँटेनाच्या आड आली तर फोन सिग्नल पकडायला उलट जास्त शक्ती वापरू शकतो.

५जीबद्दल: आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली सेवा मुख्यतः ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते, जुन्या वायफायच्या शेजारीच. ५जीसाठीच ठेवलेल्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरी त्वचेत सुमारे एक मिलिमीटरच जातात, म्हणून ‘त्वचेवरच सगळा भार’ असं ऐकू येतं. हे जाणूनच २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत त्यांची मर्यादा त्वचेच्या तापण्यावर बांधली आहे: शोषली जाणारी ऊर्जा दर चौरस मीटरला २० वॅट. दुपारच्या उन्हात दर चौरस मीटरला पडणारी ऊर्जा हजार वॅटच्या घरात असते.

भाजलंच तर, आणि डॉक्टरांकडे केव्हा

उन्हाची लाली चार-सहा तासांनी दिसू लागते आणि १२ ते २४ तासांत टोकाला जाते, म्हणून संध्याकाळी दिसतं ते पूर्ण नव्हे. सावलीत या, गार पाण्याच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. बर्फ, टूथपेस्ट, हळद-लिंबू नको. मग साधं मॉइश्चरायझर किंवा कॅलामाइन, भरपूर पाणी, दुखत असेल तर पॅरासिटामॉल. फोड फोडू नका. ताप, थंडी, उलटी किंवा मोठ्या भागावर फोड असतील तर त्याच दिवशी दवाखाना.

उन्हात गेल्यावर दोन्ही गालांवर आणि नाकावर लाली, सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, केस गळणं असेल तर त्वचेवरच थांबू नका, रक्ततपासणी लागते. महिनाभर न भरणारी जखम, कडा वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ दाखवून घ्या. आपल्या त्वचेत मेलॅनिन असल्यामुळे उन्हाने होणारा कर्करोग कमी दिसतो, पण काळा कर्करोग (मेलॅनोमा) आपल्याकडे तळपायावर आणि नखाखाली जास्त आढळतो, जिथे ऊनही लागत नाही आणि कोणी बघतही नाही. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांनी आणि मोठ्या भागावर कोड असलेल्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अंग तपासून घ्यावं.

जाताना सोबत न्यायचं: वापरातल्या सगळ्या क्रीमच्या ट्यूब, संपलेल्यासुद्धा, चालू गोळ्यांची यादी, फोनचं कव्हर आणि पुरळ भरात असतानाचे दोन-तीन फोटो. त्या दिवशी चेहऱ्याला काही लावू नका.